पानात कडू, कंदात गोड : बटाट्याचे वाण आणि पानखाऊ भुंगे

(उज्जैन येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

विषयाची मांडणी

पिकावर कीड पडली की ती कशाने मारायची, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे सर्वांत आधी उभा राहतो. ज्या वाणावर ती पडली त्या वाणाच्या अंगी तिला तोंड देण्याची काही शक्ती आहे की नाही, हे मात्र बहुधा पीक हातचे गेल्यावरच विचारले जाते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. बटाट्याची पाने खाणाऱ्या भुंग्यांना काही वाण का बळी पडतात आणि काही का पडत नाहीत, ही प्रतिकारशक्ती झाडाच्या कोणत्या अवयवात असते, ती एका वाणातून दुसऱ्यात आणताना काय गमवावे लागते आणि माळव्याच्या शेतीला त्यातून कोणता बोध घेता येतो, अशा क्रमाने त्याची मांडणी केली आहे.

उज्जैन, इंदूर, देवास आणि शाजापूर या जिल्ह्यांत खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू, हरभरा, लसूण व बटाटा असे पीकचक्र रूढ आहे. येथील बटाटा ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून लावला जातो आणि वेफर्सच्या कारखान्यांत त्याला विशेष मागणी असते. वेफर्ससाठी बटाट्यात कोरड्या द्रव्याचे प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक लागते, आणि तळताना काप काळपट पडू नयेत म्हणून ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या शर्करांचे प्रमाण शंभर ग्रॅम ताज्या बटाट्यात शंभर मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. उत्तरेकडच्या मैदानांपेक्षा माळव्यातील हिवाळ्याच्या रात्री कमी थंड असल्याने येथील बटाटा या दोन्ही कसोट्यांना सहसा उतरतो. म्हणजे येथे कोणता वाण लावायचा हे मुख्यतः उत्पन्न, पक्वतेचा काळ आणि कारखान्याची मागणी यांवर ठरते, आणि त्या यादीत किडीला प्रतिकार हा निकष फार खाली असतो. तो इतका खाली असणे परवडते का, हे पाहण्यासाठी प्रतिकारकता म्हणजे नेमके काय, येथपासून सुरुवात करणे भाग आहे.

प्रतिकारकतेचे तीन प्रकार

या शास्त्राला शिस्त लावण्याचे श्रेय अमेरिकेतील कॅन्सस येथील कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांच्याकडे जाते. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी वनस्पतींच्या कीड-प्रतिकाराचे तीन प्रकार सांगितले. पहिला प्रकार नापसंतीचा : पानाचा वास, चव, रंग किंवा पृष्ठभाग असा असतो की कीटक तेथे बसत नाही, अंडी घालत नाही, किंवा एखादा घास घेऊन निघून जातो. हा गुण कीटकाच्या आवडीनिवडीचा नसून झाडाचा आहे हे स्पष्ट व्हावे, म्हणून कोगन आणि ऑर्टमन यांनी १९७८ मध्ये त्याला अँटिझेनोसिस असे नाव सुचवले. दुसरा प्रकार जीवप्रतिकूलतेचा : कीटक पान खातो, परंतु ते त्याच्या पोटात गेल्यावर अळीची वाढ खुंटते, कोष लहान राहतो, मादी कमी अंडी घालते किंवा अळी मरते. तिसरा प्रकार सहनशीलतेचा : कीटक खातो आणि वाढतोही, पण झाड नवी पाने फोडून झालेले नुकसान भरून काढते आणि उत्पन्नात फारशी घट येत नाही.

या तिन्हींहून वेगळी अशी आणखी एक गोष्ट पेंटर यांनी बाजूला काढून ठेवली, आणि माळव्याच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. कित्येकदा एखादे पीक किडीपासून वाचते ते केवळ तिच्या मोसमात ते शेतात नसते म्हणून, किंवा त्या वर्षी तिची संख्याच कमी असते म्हणून. हा आभासी प्रतिकार होय. तो आनुवंशिक नसतो, बेण्याबरोबर पुढच्या शेतात जात नाही, आणि पेरणीची तारीख बदलली की नाहीसा होतो. खरा प्रतिकार आणि आभासी प्रतिकार यांत गल्लत झाली की वाणाला नसलेले गुण चिकटवले जातात.

इंदूरचा एक जुना वाद

कीड ही वाणाची गोष्ट आहे की मशागतीची, हा वाद माळव्याला नवा नाही. उज्जैनपासून जवळच असलेल्या इंदूर येथे १९२४ साली वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे पहिले संचालक झाले. शेतातील काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत करण्याची जी पद्धत पुढे ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली, ती याच संस्थेत बांधली गेली. तिचे विवेचन करणारा १९३१ सालचा ग्रंथ हॉवर्ड यांनी संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांच्यासह लिहिला. हॉवर्ड यांचे मत असे होते की कीटक आणि बुरशी ही रोगाची खरी कारणे नव्हेत. ज्या पिकाचा वाण जमिनीला साजेसा नाही किंवा ज्याचे पोषण नीट झालेले नाही, तेथे ती येतात आणि शेतकऱ्याची चूक दाखवून देतात.

या मताला निरीक्षणाचा आधार आहे. युरियाचा मारा झालेल्या पिकाची पाने कोवळी, रसाळ आणि नत्रयुक्त होतात आणि पान खाणाऱ्या किंवा रस शोषणाऱ्या अनेक किडी अशा पानांवर अधिक झपाट्याने वाढतात, हे पुढील काळातील संशोधनातही दिसून आले. तरीही हॉवर्ड यांचे मत संपूर्ण सत्य म्हणून स्वीकारता येत नाही. ज्या भुंग्याने झाडाच्या रासायनिक संरक्षणावर पिढ्यानपिढ्या मात केली आहे, त्याच्यापुढे उत्तम कंपोस्टवर वाढलेले पीकही टिकत नाही, आणि या विधानाचा पुरावा कोलोरॅडो भुंग्याच्या इतिहासात मिळतो. हॉवर्ड यांच्याच वाक्यातील ‘वाण’ हा पहिला शब्द त्यांच्या अनुयायांनी मागे टाकला आणि ‘पोषण’ तेवढे पुढे नेले, हेही येथे नोंदवणे योग्य ठरेल. हॉवर्ड स्वतः पुसा येथे गव्हाच्या सुधारित वाणांवर वर्षानुवर्षे काम करून आलेले होते.

कोलोरॅडो भुंगा

लेप्टिनोटार्सा डेसेमलिनिएटा हे शास्त्रीय नाव असलेला, पिवळ्या पाठीवर दहा काळ्या पट्ट्यांचा, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा हा भुंगा जगातील बटाट्याचा सर्वांत कुख्यात पानखाऊ शत्रू होय. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ थॉमस से यांनी १८२४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, त्या वेळी तो बटाट्याचा शत्रू नव्हता; रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील माळरानांवरची सोलॅनम रोस्ट्रेटम ही काटेरी रानवनस्पती हे त्याचे अन्न होते. ही वनस्पती बटाट्याच्याच कुळातली आहे. वसाहतवाले शेतकरी बटाटा घेऊन पश्चिमेकडे सरकत गेले, तेव्हा भुंग्याला आपल्या अन्नाचा नातलग शेतांतून रांगांनी उभा असलेला आढळला. १८५९ मध्ये नेब्रास्कातील ओमाहाजवळच्या बटाट्याची त्याने धूळधाण केली आणि १८७४ पर्यंत तो अटलांटिक किनाऱ्यावर पोहोचला. १९२२ मध्ये फ्रान्समधील बोर्दो परिसरात त्याने युरोपात पाय रोवले. १९९३ मध्ये तो चीनच्या शिनजियांग प्रांतात आढळला. भारतात तो नाही.

त्याची भूक समजून घेण्यासारखी आहे. मादी पानाच्या खालच्या बाजूस नारिंगी-पिवळ्या अंड्यांचे पुंजके घालते आणि एका आयुष्यात तीनशेहून अधिक अंडी देते. तांबूस, कुबड असलेली अळी वाढीचे चार टप्पे पार करते, आणि पूर्ण वाढीपर्यंत सुमारे चाळीस चौरस सेंटिमीटर पान खाते. त्यातला बहुतेक हिस्सा शेवटच्या टप्प्यात संपतो, त्यामुळे कालपर्यंत ठीक दिसणारे शेत दोन-चार दिवसांत काड्यांवर येते. पूर्ण वाढलेला भुंगा त्याउपर दिवसाला दहा चौरस सेंटिमीटरच्या आसपास पान खातो. एकोणिसाव्या शतकात त्याच्यावर पॅरिस ग्रीन हे आर्सेनिकयुक्त विष वापरले गेले, विसाव्या शतकाच्या मध्यावर डीडीटी आले आणि १९५० च्या दशकातच डीडीटीला न जुमानणारे भुंगे दिसू लागले; तेव्हापासून आजवर पन्नासहून अधिक कीटकनाशक द्रव्यांना तो सरावला आहे. विष पचवण्याची ही क्षमता त्याला आयती लाभलेली आहे, कारण ज्या कुळातील झाडांवर तो वाढला त्या कुळातली पानेच विषारी असतात.

कोणता कडूपणा?

बटाट्याच्या पानांत आणि हिरव्या पडलेल्या कंदांत सोलॅनिन व चॅकोनिन ही कडू द्रव्ये असतात. साखरेच्या रेणूंशी जोडलेल्या अशा अल्कलॉइडांना ग्लायकोअल्कलॉइड म्हणतात. माणसाच्या आहारासाठी शंभर ग्रॅम ताज्या बटाट्यात त्यांची मर्यादा वीस मिलिग्रॅम मानली जाते. त्यापुढे जीभ चुरचुरते, पोट बिघडते आणि प्रमाण फार वाढल्यास विषबाधा होते. अँडीजच्या डोंगरांतील शेतकऱ्यांनी हजारो वर्षे कमी कडू कंद निवडून लावले, त्यातूनच आजचा बटाटा घडला.

यावरून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : माणसाने कडूपणा काढून टाकला म्हणून भुंग्याचे फावले, तेव्हा कडूपणा परत आणला की भुंगा हटेल. हा निष्कर्ष चुकीचा आहे. सोलॅनिन आणि चॅकोनिन यांचा कोलोरॅडो भुंग्यावर फारसा परिणाम होत नाही. बटाट्याच्या पानांत ती भरपूर असतानाच तो ती पाने मनसोक्त खातो. कडूपणा सरसकट उपयोगी पडत नाही, त्याचा विशिष्ट प्रकार लागतो. दक्षिण अमेरिकेतील सोलॅनम चॅकोएन्से या रानटी बटाट्याच्या काही मोजक्या झाडांत लेप्टिन नावाची द्रव्ये सापडली. त्यांची रचना बटाट्यातील नेहमीच्या ग्लायकोअल्कलॉइडांशी बरीच मिळतीजुळती आहे, पण रेणूच्या एका ठिकाणी एक ॲसिटिल गट अधिक जोडलेला असतो, आणि एवढ्या फरकाने भुंगा ते पान खाणे थांबवतो. त्याहून मोलाची गोष्ट अशी की लेप्टिन पानांतच तयार होते, कंदात उतरत नाही. पानात कडू आणि कंदात गोड असा बटाटा निसर्गात आधीपासून होता, एवढेच यावरून सिद्ध झाले. तो शेतापर्यंत आणणे मात्र सोपे ठरले नाही. लागवडीच्या बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच म्हणजे अठ्ठेचाळीस गुणसूत्रे असतात, तर चॅकोएन्सेत दोनच संच, म्हणजे चोवीस. त्यामुळे संकर करण्याआधी गुणसूत्रांची संख्या जुळवावी लागते, आणि संकरानंतर लागवडीच्या बटाट्याशी पुन्हा पुन्हा संकर करीत गेले की लेप्टिनचे प्रमाण उतरत जाते.

कडूपणा चुकीच्या जागी गेल्यास काय होते, याचे उदाहरण लेनापे या वाणाने घालून दिले. १९६७ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्वेनिया येथून प्रसारित झालेल्या या वाणाच्या पूर्वजांत चॅकोएन्सेचा अंश होता. कोरडे द्रव्य भरपूर, शर्करा कमी, वेफर्स सोनेरी आणि कुरकुरीत, असे कारखान्याला हवे ते सर्व गुण त्यात एकवटले होते. परंतु त्याच्या कंदांतच ग्लायकोअल्कलॉइडांचे प्रमाण मर्यादेबाहेर असल्याचे दिसल्यावर १९७० मध्ये तो मागे घ्यावा लागला. भुंगा हे लेनापेच्या निर्मितीचे प्रयोजन नव्हते, पण रानटी नातलगाच्या एका हव्याशा गुणाबरोबर दुसरा नकोसा गुण कसा नकळत चालत येतो, हे या प्रसंगाने पैदासकारांच्या मनावर कायमचे बिंबवले. लेनापेचा वंश मात्र संपला नाही. वेफर्स उद्योगात नावाजलेला अटलांटिक हा १९७६ चा वाण त्याचेच अपत्य आहे, आणि त्याच्या बाबतीत कंदातील कडूपणा तपासूनच निवड केली गेली.

केस आणि जनुक

दुसरी वाट पानांवरील केसांची आहे. बोलिव्हियातील सोलॅनम बर्थॉल्टाय या रानबटाट्याच्या पानांवर ग्रंथियुक्त केसांचे दोन प्रकार असतात : आखूड केसाच्या टोकाला चार पाकळ्यांची ग्रंथी असते, ती कीटकाच्या पायाने फुटली की आतले फिनॉलयुक्त द्रव्य हवेत तपकिरी होऊन घट्ट होते, लांब केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो. मावा अशा पानावर जागीच अडकतो आणि लहान अळ्यांना ते खाणे नकोसे होते. कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट प्लेस्टेड आणि वॉर्ड टिंगी यांनी या गुणाचा बटाट्याशी संकर साधण्यासाठी अनेक वर्षे काम केले. केस दाट झाले तसे वाण उशिरा पक्व होऊ लागले आणि उत्पन्न घटले, ही त्यातली मुख्य अडचण होती. शिवाय १९८० च्या दशकातील प्रयोगांत भुंग्यांना काही पिढ्या याच रानबटाट्यावर वाढवले असता ते त्यालाही सरावत गेलेले आढळले. येथेही नुसते केस पुरेसे नाहीत हे ध्यानात ठेवले पाहिजे. वांग्याच्या पानावर तारकेच्या आकाराचे दाट केस असतात, तरीही भुंगा ते पान चाळणीसारखे करून टाकतो, कारण त्या केसांत फुटणारी ग्रंथी नसते.

तिसरी वाट जनुकीय अभियांत्रिकीची. १९८३ मध्ये जर्मनीत वर्णन झालेल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस जिवाणूच्या टेनेब्रिओनिस या उपप्रकारात भुंगेवर्गीय कीटकांना मारणारे प्रथिन आढळले, त्याचे जनुक बटाट्यात घातले गेले आणि १९९५ मध्ये ‘न्यूलीफ’ हे वाण अमेरिकेत बाजारात आले. शेतात त्यांचा प्रतिकार जवळपास संपूर्ण होता. तरीही २००१ मध्ये ते मागे घेण्यात आले, कारण बटाट्याचे मोठे खरेदीदार आणि प्रक्रिया उद्योग जनुकबदल केलेला बटाटा घ्यायला तयार होईनात, आणि नवे परिणामकारक कीटकनाशकही उपलब्ध होते. भुंग्याकडून हार न खाता बाजारातून गेलेला हा प्रतिकार होता. भारतातील वाचकाला येथे बीटी वांग्याची आठवण होणे साहजिक आहे, परंतु जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या आणि फेब्रुवारी २०१० पासून स्थगित असलेल्या त्या वांग्यातील प्रथिन फळ पोखरणाऱ्या अळीसाठी, म्हणजे पतंगवर्गीय किडीसाठी होते. भुंग्यांवर ते चालत नाही. प्रतिकारक वाण म्हणताना कोणत्या किडीला प्रतिकारक हे सांगितल्याखेरीज त्या विशेषणाला काही अर्थ उरत नाही.

अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगा

कोलोरॅडो भुंगा भारतात नसला तरी बटाट्याचे पान खाणारा भुंगा येथे आहे. हेनोसेपिलाक्ना व्हिजिंटिऑक्टोपंक्टाटा असे लांबलचक नाव असलेला, हिंदीत हड्डा म्हणून ओळखला जाणारा हा भुंगा मावा खाणाऱ्या उपकारक ढालकिड्याच्याच कुळातला, परंतु शाकाहारी आहे. तांबूस, अर्धगोल पाठीवर अठ्ठावीस काळे ठिपके असतात. मादी पानाच्या खालच्या बाजूस पिवळी, लांबट अंडी उभी करून पुंजक्याने चिकटवते. त्यांतून निघणाऱ्या पिवळ्या अळीच्या अंगावर फांद्या फुटल्यासारखे काटे असतात. ती पानाचा हिरवा गर खरवडते आणि शिरा तेवढ्या सोडते, त्यामुळे खाल्लेल्या जागी पारदर्शक पापुद्र्याच्या समांतर रेघा उमटतात, मग पापुद्रा वाळून गळतो आणि पानाची जाळी उरते. बटाट्याखेरीज वांगे, कामोणी, धोत्रा यांवरही तो जगतो. म्हणजे शेतात बटाटा नसतानाही बांधावर त्याचा संसार चालू असतो.

पुणे जिल्ह्यातील खेड आणि आंबेगाव तालुक्यांत बटाटा खरिपात, पावसाच्या उघडझापीत लावला जातो. दमट, उबदार हवा या भुंग्याला मानवते, त्यामुळे तेथे त्याचा उपद्रव दिसतो. माळव्यात बटाटा रब्बीत असतो, थंडी वाढते तशी भुंग्याची संख्या घटते, आणि शेतकऱ्याला तो क्वचितच डोईजड होतो. या दोन्ही प्रदेशांत कुफरी ज्योती हा १९६८ चा एकच वाण मोठ्या प्रमाणावर लावला गेला आहे. बटाटा कंदापासून वाढवला जातो, त्यामुळे एका वाणाची सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकाच झाडाच्या प्रती असतात. खेडच्या कुफरी ज्योतीत जी जनुके, तीच उज्जैनच्या कुफरी ज्योतीत. मग एका ठिकाणी पाने खाल्ली जातात आणि दुसऱ्या ठिकाणी वाचतात, याचे कारण वाणात शोधून सापडणार नाही. ते हंगामात आहे. पेंटर यांनी ज्याला आभासी प्रतिकार म्हटले, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

भारतातील बटाटा संशोधनाचा इतिहासही याला पूरक आहे. १९४९ मध्ये पाटण्यात स्थापन होऊन १९५६ मध्ये सिमल्याला हललेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने कुफरी मालिकेतील जे वाण दिले, त्यांत उशिरा येणारा करपा, विषाणूरोग, लवकर पक्वता, पठारी हवामान आणि १९९८ च्या कुफरी चिप्सोना वाणांपासून प्रक्रियेची गुणवत्ता, ही उद्दिष्टे प्रमुख राहिली. दख्खनच्या पठारासाठी निवडलेला कुफरी लवकर हा १९७२ चा वाण माळव्यातही रुळला तो लवकर तयार होतो म्हणून. पानखाऊ भुंगा या उद्दिष्टांत अग्रभागी नव्हता, आणि देशाच्या गरजा पाहता ते योग्यही होते. फक्त त्याचा अर्थ असा की माळव्याचा बटाटा आज भुंग्यापासून सुरक्षित आहे तो ऋतूच्या भरवशावर.

या भुंग्याच्या अळीवर पेडिओबियस फोव्हिओलेटस ही सूक्ष्म गांधीलमाशी भारतात नैसर्गिकरीत्या वाढते. तिची पिल्ले अळीच्या आत वाढतात आणि अळी तपकिरी, पोकळ कवच होऊन पानाला चिकटून राहते. १९६० च्या दशकात भारतातून ही माशी अमेरिकेत नेली गेली, आणि तेथील सोयाबीन व घेवडा खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्यावर, म्हणजे आपल्या हड्ड्याच्याच नातलगावर, ती सोडण्यात आली. बटाट्यावर सरसकट फवारणी करणारा शेतकरी हाच मित्र आधी मारतो.

उज्जैनचे सोयाबीन

हड्ड्याचा हा मेक्सिकन नातलग आपल्याला उज्जैनच्या मुख्य पिकापर्यंत, सोयाबीनपर्यंत, आणून सोडतो. मेक्सिकन भुंग्याला प्रतिकार करणारे सोयाबीन शोधताना अमेरिकन संशोधकांना १९७० च्या सुमारास जगभरच्या संग्रहातून तीन जपानी वाण सापडले : कोसामामे, मियाको व्हाइट आणि सोडेनडाइझु. पुढील अनेक वर्षे पानखाऊ किडींविरुद्धच्या सोयाबीन-पैदाशीचा आधार हे तीन वाणच राहिले. परंतु त्यांच्याबरोबर कमी उत्पन्नाची जनुकेही येत गेल्याने या प्रदीर्घ प्रयत्नांतून शेतकऱ्याच्या पसंतीस उतरलेले वाण थोडेच निघाले. लेनापेच्या आणि केसाळ बटाट्याच्या अनुभवाचीच ही पुनरावृत्ती होय.

उज्जैन जिल्ह्यात सोयाबीनचा नित्याचा भुंगा वेगळा आहे. चक्रीभुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर तोंडाने कुरतडून एकाखाली एक अशी दोन वर्तुळे पाडते आणि त्यांच्या मधल्या भागात छिद्र करून पिवळे, लांबट अंडे घालते. वर्तुळांच्या वरचा भाग अन्नरस तुटल्याने माना टाकतो, अळी खोड पोखरत खाली जाते आणि पीक पक्व होण्याच्या सुमारास झाड आतून कापून टाकते. मग उभ्या पिकात शेंगांनी भरलेली झाडे आडवी पडलेली दिसतात. अळी खोडाच्या तुकड्यातच सुप्तावस्थेत पुढचा पावसाळा गाठते. हा भुंगा पान खात नाही, पण वाण निवडीचा प्रश्न त्याच्याही बाबतीत तोच आहे. १९९४ चा जेएस ३३५ वाण माळव्यात वर्षानुवर्षे इतक्या सर्वदूर पेरला गेला की एका वाणाचे दुबळेपण म्हणजे साऱ्या पठाराचे दुबळेपण ठरू लागले. इंदूर येथे १९८७ पासून कार्यरत असलेल्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या आणि कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत म्हणूनच वाण हा एकटा उपाय म्हणून येत नाही. उन्हाळी नांगरटीने खोडांचे अवशेष गाडणे, पाऊस नीट बसल्यावरच पेरणी करणे, वर्तुळे दिसताच तो भाग तोडून नष्ट करणे आणि नत्र बेताने देणे, यांची त्याला जोड असते. हॉवर्ड आणि पेंटर यांचा वाद शेतात अशा रीतीने मिटतो : वाण किडीचा वेग कमी करतो आणि मशागत तिची संख्या.

माळव्यापुढील काम

येथवरच्या विवेचनातून एक गोष्ट ठळक होते. लेप्टिन यशस्वी होऊ शकते ते पानात राहते म्हणून. लेनापे फसला तो कडूपणा कंदात गेला म्हणून. केसाळ बटाटा मागे राहिला तो उशिरा पिकतो म्हणून. न्यूलीफ गेला तो खरेदीदाराने नाकारला म्हणून. आणि माळव्याची कुफरी ज्योती वाचते ती थंडीमुळे. वाणाची प्रतिकारकता कामी येण्यासाठी ती झाडाच्या योग्य अवयवात, हंगामाच्या योग्य वेळी आणि ग्राहकाला मान्य अशा रूपात असावी लागते. यांतली एकही अट सुटली तर उरलेल्या अटी पुऱ्या होऊनही उपयोग नाही.

यातून माळव्यासाठी तीन कामे निघतात. पहिले काम, वेफर्ससाठी वाण तपासताना कोरडे द्रव्य आणि शर्करा यांच्या आकड्यांशेजारी किडींच्या प्रतिकाराचाही आकडा मांडणे, आणि ती चाचणी कीड भरपूर असलेल्या हंगामात व ठिकाणी घेणे. डिसेंबरात उज्जैनला स्वच्छ राहिलेल्या पानावरून वाणाला प्रतिकारक म्हणण्याला शास्त्रीय आधार नाही. दुसरे काम, एकाच वाणावर सारे पठार न टांगणे. कंदापासून वाढणाऱ्या पिकात विविधता आपोआप निर्माण होत नाही, ती शेतकऱ्याने बेणे निवडताना आणि कारखान्याने करार करताना जाणूनबुजून राखावी लागते.

तिसरे काम पूर्वतयारीचे. १९०६ मध्ये इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर बटाट्यावरील पाकोळी मुंबई इलाख्यात शिरली आणि आज ती दख्खनपासून माळव्यापर्यंत साठवणीतला बटाटा पोखरते. १९१४ चा विनाशक कीटक व कीड कायदा आणि २००३ चा आयात नियंत्रणाचा आदेश यांचे मोल अशा अनुभवांतून कळते. कोलोरॅडो भुंगा आज हिमालयापलीकडे आहे, आणि बटाट्याचा नवा वाण घडवून शेतापर्यंत पोहोचवायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. याचा हिशेब सरळ आहे : भुंगा आल्यावर सुरू केलेली पैदास त्या भुंग्याच्या पहिल्या दशकात कोणाच्याही उपयोगाची नसेल. म्हणून विलगीकरणाची तपासणी कडक ठेवणे आणि चॅकोएन्से, बर्थॉल्टाय यांसारख्या रानटी नातलगांवरील संकराचे काम आजच, कोणी मागत नसताना चालू ठेवणे, ही एकाच धोरणाची दोन अंगे आहेत. त्या कामाचा खर्च आज फुकटचा वाटेल; तो टाळणाऱ्या देशांना, भुंगा एकेका कीटकनाशकाला सरावत जाईल तशी, नवनवी कीटकनाशके विकत घेत बसावे लागले आहे.